मोजणीदारांचा भाजलेला पाट

"शलाका, मागच्या पडवीत पाट पालथा घातला होता, तो कुठं गेला गो?"

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे विचारलं तेव्हा माझ्या हातात पेटलेली गॅसची बंदूक होती. समोर दोन विटांवर एक फळी, बाजूला पाण्याची बादली, आणि मी अशी काही खुशीत की विचारू नका! निळ्या ज्योतीचं टोक लाकडावरून फिरत होतं आणि त्याच्यामागून लाकूड आधी मधाच्या रंगाचं, मग तपकिरी, मग काळंभोर होत चाललं होतं. मान वर न करताच मी म्हणाले, "पाट नाही बघितला अण्णा. इथं एक कळकट फळी पडली होती, ती मी सरावाला घेतली."

अण्णा दोन पावलं जवळ आले. मग म्हणाले, "खालून दोन आडव्या पट्ट्या मारलेली?"

"हो."

"दोन फूट बाय दीड?"

"मोजली नाही. असेल तेवढी."

"बंदूक बंद कर," अण्णा म्हणाले. "तो आपल्या गणपतीचा पाट आहे."

बोंबला!

आता या गोष्टीला अठरा वर्षं झाली, पण अण्णांचं ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. मी मूळची सांगलीची. आमच्याकडे गणपती चतुर्थीच्या आदल्या दिवशी स्टॉलवर जाऊन पसंत करायचा, रुमाल टाकायचा आणि घेऊन यायचा. इथं तळकोकणात तसं नाही. इथं प्रत्येक घराचा गणपतीचा स्वतःचा पाट असतो. तो महिनाभर आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, नेऊन द्यायचा. त्याच पाटावर तो माती थापतो, मूर्ती घडवतो, आणि चतुर्थीला देव त्याच पाटावरून घरी येतो. आमच्या बांबरवाडीत पाट द्यायचा दिवस नागपंचमीचा. म्हणजे उद्याचा. मेमध्ये लग्न होऊन आलेल्या मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. अण्णांनी पाट सकाळी माळ्यावरून काढून धुतला होता आणि निथळायला पालथा घातला होता. पालथा पाट आणि जुनी फळी यांत मला काडीचा फरक दिसला नाही.

आणि बंदूक? तर मी कुडाळला दर बुधवारी सुतारकामाच्या वर्गाला जात होते. श्रीरंग, माझा नवरा, नोकरीला पणजीला. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. घरात बसून मी वेडी होईन म्हणून त्यानंच वर्गात माझं नाव घातलं होतं. चौथ्या बुधवारी सरांनी लाकूड भाजायला शिकवलं. वरचा थर जाळायचा, तारेच्या ब्रशानं घासायचा, लाकडातला मऊ भाग झडून जातो, कडक रेषा उठून राहतात, मग तेल पाजायचं. मी तर खुळीच झाले होते! सरांनी बंदूक घरी नेऊ दिली, आणि बजावून सांगितलं, "आधी टाकाऊ लाकडावर हात बसवा." मी अगदी शहाण्या मुलीसारखी टाकाऊ लाकूड शोधलं होतं.

"अण्णा, आता काय करायचं?" मला रडूच फुटलं. "लोक काय म्हणतील? देवाच्या खाली जळकं लाकूड..."

लोक काय म्हणतील ते मला नीट माहीत होतं. घाटावरची सून आली आणि पहिल्याच वर्षी तिनं देवाचा पाट जाळला. अशी गोष्ट एकदा वाडीत फिरली की बाई म्हातारी होऊन मेली तरी ती गोष्ट मरत नाही. मी आयुष्यभर पाट जाळणारीच राहिले असते.

आणि लपवायची तर सोयच नव्हती, कारण सासरा अण्णांसारखा. अण्णा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. अख्खी वाडी त्यांना मोजणीदार म्हणायची. हा माणूस जन्मात खोटं म्हणून बोलला नव्हता. स्वतःच्या घराची हद्द स्वतः मोजली आणि स्वतःचं फळांनी भरलेलं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड चुलतभावाला, भालूकाकांना, देऊन मोकळे झाले, कारण मोजणीची साखळी तसं म्हणाली. वर भालूकाकांना म्हणाले, "दोन वर्षं मी तुझे रातांबे खाल्ले, चुकलं." उद्या शाळेत कुणी विचारलं तर हे सरळ सांगणार, सुनेनं जाळला. आकसानं नाही, खरं आहे म्हणून.

अण्णा उकिडवे बसले. पाटावरून हात फिरवला, बोटं काळी झाली. डोळे बारीक करून चारही कडा बघितल्या.

"क्षेत्रफळात फरक नाही," ते म्हणाले.

मला रडता रडता हसू आलं.

"हसतेस काय? निम्माच झालाय. अर्धा काळा, अर्धा पिवळा पाट कसा देणार? अर्धवट काम कधी ठेवू नये. पेटव ती."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. सासूबाई गिरणीवर तांदूळ दळायला गेल्या होत्या, तेवढ्यात उरकायचं होतं. मी भाजत होते आणि अण्णा सूचना देत होते, "इकडे राहिलं, ह्या कोपऱ्यात एक इंच राहिलं." पाट धुतलेला असल्यामुळे ओल फुसफुसत होती. काळा थर तडकून त्याला बारीक भेगा पडल्या, तेव्हा मी थांबले, ओलं फडकं फिरवलं, आणि गार झाल्यावर तारेचा ब्रश अण्णांच्या हातात दिला.

"रेषेच्या दिशेनं घासायचं हं अण्णा. आडवं घासलं तर ओरखडे पडतात."

"मला दिशा शिकवतेस?" अण्णा म्हणाले आणि घासायला लागले.

काजळी भुरूभुरू उडाली. तिच्याखालून फणसाच्या लाकडाच्या रेषा एकेक वर यायला लागल्या. काळ्याच्या खाली तांबूस, तांबसाच्या कडेला पुन्हा काळं, आणि हात फिरवला तर रेघ न् रेघ बोटाला लागते. अण्णा थांबले. वाकून बघितलं. मग नाकावर काजळी लागलेला तो पासष्ट वर्षांचा माणूस ओरडला, "अगो, हा तर डोंगराचा नकाशा! ही बघ, ही समान उंचीची रेषा! आणि हा इथं उतार!" आणि असे जोरात घासायला लागले की मला ब्रश हिसकावून घ्यावा लागला. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. मी जवसाचं तेल फडक्यानं पातळ चोळलं, जास्तीचं पुसून काढलं. पाट असा देखणा दिसायला लागला की माझी भीती घटकाभर कुठल्या कुठं गेली.

तेवढ्यात फाटक वाजलं. सासूबाई आल्या होत्या.

"हिला मी सांगतो," अण्णा म्हणाले आणि पाट पंच्यात गुंडाळून आत घेऊन गेले.

त्यांनी सांगितलं नाही. मी रात्रभर त्यांच्या खोलीतून काही आवाज येतो का ते ऐकत पडले होते. काही आला नाही.

सकाळी आम्ही तिघं शाळेत गेलो. पुढं अण्णा, डोक्यावर पंच्यात गुंडाळलेला पाट. मागं आई, म्हणजे सासूबाई, तांदूळ, सुपारी आणि नारळ घेऊन. त्यांच्या मागं मी, बळीच्या बकरीसारखी. बाबल मेस्त्रींची शाळा म्हणजे मोठी पत्र्याची पडवी. दहाबारा जणं पाट घेऊन आलेले. बायका, माणसं, गप्पा, चहा. अण्णांनी पाट खाली ठेवला, पंचा सोडला, आणि सगळ्यांच्या माना पाटाकडे वळल्या.

"ह्या काय ओ मोजणीदारानु?" बाबल मेस्त्री म्हणाले.

पहिले उठले ते भालूकाका, रातांब्यावाले. "अण्णा, पाट जळलो काय रे तुझो?"

माझ्या मागं आई उभ्या होत्या. त्यांनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. मला वाटलं, अण्णांनी सांगण्याआधी आपणच सांगून टाकावं, निदान तेवढं तरी. मी एक पाऊल पुढं झाले. "काका, तो माझ्या हातून..."

"तिच्या हातून," अण्णा मोठ्यानं म्हणाले. "तिच्याच हातून भाजून घ्यायचा असतो. आमच्या घरची रीत आहे. नवी सून आली की पहिल्या वर्षी पाट तिच्या हातून भाजून घ्यायचा."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा चेहरा सातबाऱ्यावर सही करताना असावा तसा होता. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"ही खंयची रीत?" भालूकाका म्हणाले. "देवाच्या खाली जळका लाकूड?"

"कुंपणाचा खांब पुरताना त्याचं बूड भाजून पुरतोस की नाही?"

"पुरतंय."

"कशाला?"

"वाळवी लागा नये म्हणान."

"मग तुझ्या वईच्या खांबाला वाळवी लागू नये, आणि देवाच्या पाटाला लागली तर चालेल?"

भालूकाका परत खाली बसले. मोजणीदार म्हणतायत म्हणजे असणारच. ज्या माणसानं स्वतःचं झाड सोडलं, तो खोटं कशाला बोलेल? आणि मग जी गंमत झाली ती मी डोळ्यांनी बघितली नसती तर विश्वास ठेवला नसता. कोपऱ्यातून गंगूआते, नव्वदीच्या पुढची, मान डोलवत, आपल्या आईचा दाखला देत म्हणाली, "होय तर! माझ्या आवशीन सांगलेला माका. पूर्वी सगळीच भाजीत." मागून कुणीतरी म्हणालं की त्याच्या आजोळी अजून भाजतात. आणि दोन मिनिटांत खुद्द भालूकाका सांगायला लागले की ही रीत मुळात त्यांच्या घराची, मोजणीदारांच्या घरी ती त्यांच्याकडूनच गेली!

बाबल मेस्त्री मात्र कारागीर माणूस. त्यांनी पांढरं फडकं घेऊन पाटावर घासलं. फडकं पांढरंच राहिलं. ओल्या मातीचा गोळा घेतला, पाटावर दाबला, ओढून बघितला.

"माती बरी धरता हो," ते म्हणाले. "गुळगुळीत पाटार मूर्ती सरकता. गेल्या वर्साक तुमचो गणपती पाटावरून दोन बोटां पुढे इललो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाय, आमचो पाट भाजून देशात?"

मग काय! एक म्हणाली माझा, दुसरी म्हणाली माझा आधी. दिलेले पाट लोकांनी परत मागून घेतले. मी नुसती मान डोलवत होते. मला अण्णांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. पाट जाळणारी सून आत गेली होती आणि बाहेर आली ती वाडीची मानकरीण.

वाटेत मात्र आई आमच्यापुढं चालत होत्या. घरी पोचल्यावर त्यांनी हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफवल्या, आम्हाला वाढल्या, स्वतः वाढून घेतल्या, पण आमच्याकडे बघितलं नाही. अण्णा एकदा खाकरले. मग पुन्हा खाकरले.

"पातोळी छान झालीय," ते म्हणाले.

"नव्या सुनेच्या हातून पाट भाजून घ्यायची रीत आहे का या घरात?" आई म्हणाल्या.

अण्णांनी आणखी एक पातोळी ताटात घेतली.

"मी एकतीस वर्षं या घरात आहे. माझ्या हातून कुणी भाजून घेतला नाही."

"आई, चूक माझी आहे," मी घाईनं म्हणाले. "मी फळी समजून..."

"तू गप गो. तू काय केलंस ते मला काल गिरणीवरून येतानाच कळलं. परसात काजळी, ह्यांच्या नाकावर काजळी. मी काय आंधळी आहे?" त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. त्या अण्णांकडे बघत होत्या. "ह्यांनी खोटं बोललेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं. छान बोलले. कुणी ओळखलं नाही."

"अगो, पोरीची अब्रू..."

"माझी नव्हती?"

अण्णांनी हातातली पातोळी ताटात परत ठेवली.

आईंनी मला सांगितलं, पण बघत होत्या त्यांच्याकडेच. "माझा ह्या घरातला पहिला गणपती. श्रीरंग पोटात होता. पहाटेपासून उपाशी, चुलीपुढं बसून एकवीस मोदक केले. जीव राहिना, एक तोंडात टाकला. नैवेद्याच्या आधी. ह्यांनी बघितलं, मी बघितलं की ह्यांनी बघितलं. आरतीला अख्खी वाडी जमलेली. सासूबाईंनी ताट मोजलं, वीस. म्हणाल्या, मोदक कुणी खाल्ला? कुणी बोलेना. कुत्र्यामांजरावर गेलं असतं. तर हे उठून उभे राहिले. म्हणाले, हिनं खाल्ला, मी पाहिलं."

"खरं तेच सांगितलं," अण्णा अगदी हळू म्हणाले.

"मी कुठं म्हणते खोटं सांगितलंत? एकतीस वर्षं झाली. अजून कुणाच्या घरी मोदक असले की बायका मला हसून विचारतात, मोजून ठेवू ना गो?" आईंनी डोळे पुसले, मग रागानं पदर झटकला. "शलाका, ती बंदूक मला दाखव. मी पण भाजणार."

"आत्ता?"

"आज नागपंचमी. आज भाजू-चिरू नये. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परस म्हणजे जत्रा झाली होती. भाजायला आलेले सात पाट भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि आठवा आमचा, अण्णा पहाटेच जाऊन शाळेतून परत घेऊन आलेले. वरची बाजू झालेली होती, आईंना पट्ट्यांकडची खालची बाजू दिली. मी शिकवायला लागले, "आई, चार बोटं लांब धरा. एका जागी थांबायचं नाही, हलवत राहायचं."

"भाकरी भाजताना मला कुणी शिकवलं होतं?" आई म्हणाल्या आणि बंदुकीचा खटका दाबला.

भप्प! आई किंचाळल्या, मी किंचाळले, अण्णा बादली घेऊन धावले. मग आई हसायला लागल्या. ज्योत लाकडावर टेकली, लाकूड रंग बदलायला लागलं, आणि आईंच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला, मी तो तोपर्यंत कधी बघितलाच नव्हता. "अगो बाय, बघ बघ, काळं झालं!" पट्टीच्या खोबणीत, कडेला, कोपऱ्यात, कुठं म्हणून ठेवलं नाही. कपाळावरचे चार केस जळले, त्याचा वास आला, तरी थांबेनात. शेवटी मी म्हणाले, "आई, पुरे, आरपार जाईल." ब्रशाला त्यांनी अण्णांना हात लावू दिला नाही. स्वतः घासलं, स्वतः तेल चोळलं.

दुपारी आम्ही पुन्हा तिघं शाळेत. आदल्या दिवशी पाट परत नेलेले सगळे तिथं बसलेले, आपापली पाळी कधी ते विचारायला. भालूकाका होते, गंगूआते होती, आणि त्या मोदक मोजणाऱ्या बायकाही होत्या. आईंना बघून गालात हसल्या, त्यावरून मला त्या ओळखू आल्या.

बाबल मेस्त्रींनी पाट उलटा करून बघितला. "मोजणीदारानु, खालून पण? ह्या काल नव्हता."

"राहून गेलं होतं," अण्णा म्हणाले. "ही नवी होती तेव्हा हिच्या हातून भाजून घ्यायचा होता. माझ्या आईनं मला सांगितलं होतं. मी विसरलो. हिची काही चूक नाही."

एवढं पुरे होतं. मला वाटलं, झालं, मिटलं. आईंनीही मान खाली घालून पदर सारखा केला. पण अण्णा हलेनात. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. पडवीतल्या एकेका माणसाकडे त्यांनी बघून घेतलं, हद्द दाखवताना बघावं तसं.

"आणि दुसरं एक," ते म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वी आमच्या घरी आरतीला तुमच्यातले बरेच जण होते. नैवेद्यातला एक मोदक कमी आला होता. तो मी खाल्ला होता. नाव हिचं सांगितलं."

आई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"तू?" भालूकाका म्हणाले. "तू खाल्लंस? आणि वैनीचा नाव सांगितलंस? अरे, लाज नाय वाटली तुका?"

"वाटली," अण्णा म्हणाले. "म्हणून सांगतोय."

"शी शी शी!" गंगूआते म्हणाली. "पोटुशी बायको, आणि तिच्यावर घातलान!" बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी आईंचा हात धरला आणि म्हणालं, वैनी, आमका म्हायतच नव्हता गो. बाबल मेस्त्री मान हलवत म्हणाले, "मोजणीदार खोटा बोलूचे नाय. म्हणजे खाल्ल्यानीच."

आईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत, मी जवळ गेले, तर त्या हसत होत्या. हसता हसता रडतही होत्या. त्यांना उभं राहवेना, मी त्यांना धरून बाहेर आणलं. त्या पायरीवर बसल्या आणि आत भालूकाकांच्या शिव्या निमूटपणे खाणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"आई, जाऊ या का घरी?" मी विचारलं.

"थांब गो," आई म्हणाल्या. "ऐकू दे जरा."